आंबिया बहाराची बिअर

नागपुरात मे महिन्यात बिअरची चव कोणी घेत नाही, गारवा घेतात. दुपट्ट्यानं डोकं-तोंड बांधून, उन्हाच्या झळा खात धरमपेठेतून गाडी हाणत आलेल्या माणसाला ग्लासात केळ्याचा वास आहे की लवंगेचा, याच्याशी काय देणंघेणं? त्याला घसा ओला करायचा असतो. २३ मे २०१३ ला या शहरानं ४७.९ अंश तापमान पाहिलंय. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत, इथं कूलरच्या ताट्यांना पाणी पुरत नाही. अशा गावात बिअरचं रसग्रहण करत बसणं हाच मुळात आगाऊपणा आहे आणि तो मी बरीच वर्षं मनापासून करतो आहे.

पहिली झटापट ग्लासाशीच होते. बसल्याबरोबर पोऱ्या फ्रीझरमधून काढलेला जाड काचेचा मग आणतो. काचेवर पांढरा बर्फ साचलेला, मुठीत धरला तर बोटं चिकटतील असा.

"भाऊ, साधा ग्लास द्या ना."

"सर, गरम होऊन जाईल जी."

"होऊ द्या. मले तेच पाह्यजे."

यावर तो ज्या नजरेनं पाहतो, ती मी आता अंगवळणी पाडून घेतली आहे. पण माझं म्हणणं सरळ आहे. गोठणबिंदूच्या जवळ नेलेल्या बिअरला वास येत नाही, आणि बधिर झालेल्या जिभेला कडू-गोडातला फरक कळत नाही. कारखान्यात बनणाऱ्या फिकट लागरची, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरची, जाहिरात कायम 'चिल्ड'वर चालते, त्याचं निम्मं कारण हेच असावं असा माझा संशय आहे. थंडीखाली बरंच काही झाकलं जातं. गव्हाची बिअर, काळी स्टाउट किंवा ऊबेत आंबवलेली एल यांचा खरा स्वभाव आठ-दहा अंशांच्या पुढं उलगडायला लागतो. त्यासाठी लंडनच्या माणसाला वाट पाहावी लागत असेल, नागपुरात टेबलावर ग्लास ठेवून दोन गोष्टी बोललात की झालं.

मी आधी छोट्या ग्लासांचा संच मागवतो. लाकडी पट्टीत खोबणी, त्यात घोटभर-घोटभर चार-पाच प्रकार. फिकटापासून गडदाकडे जायचं, हलक्यापासून कडूकडे. उलटं गेलात तर कडू इंडिया पेल एलनंतर बिचारी गव्हाची बिअर पाण्यासारखी लागते. आधी फेस पाहायचा, मग नाक, मग घोट, आणि घोट गिळल्यावर जे मागे उरतं त्याची नोंद. वाईन थुंकतात, बिअर गिळावी लागते, कारण हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला रेंगाळतो तेव्हाच त्याचा पोत कळतो. वहीत मी माझ्याच घरातले वास लिहितो. 'भाजलेल्या फुटाण्याचं साल.' 'करपलेला गूळ.' 'पावसात भिजलेला पुठ्ठा.' हा शेवटचा शेरा वाईट. बिअरला हवा किंवा उष्णता लागून ती शिळी झाली की असाच ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. लोण्याचा वास आला, तर आंबवण घाईत उरकलंय असं समजावं. यीस्टला आपला पसारा आवरायला वेळ मिळालेला नसतो. आणि हिरव्या बाटलीतल्या बिअरला उन्हात ठेवल्यावर जो कुबट, उग्र दर्प येतो, त्याला कारण प्रकाश. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात फुटतात आणि त्यातून गंधकाचं एक घाणेरडं संयुग तयार होतं. तपकिरी काच ते बऱ्यापैकी अडवते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये बाटली घ्यायची तर लेबलावरच्या वाघ-सिंहाआधी उत्पादनाची तारीख बघावी. तापलेल्या ट्रकमधून आणि विनापंख्याच्या गोदामातून आलेली बिअर कितीही नामवंत असली तरी तिच्या अंगात ऊन गेलेलंच असतं.

तर 'सीझनल'. दर थोड्या दिवसांनी ब्रूपबमधल्या, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या बारमधल्या, फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं असतं: या मोसमाची खास. पुण्यात २००९ मध्ये डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्राला ताज्या, न गाळलेल्या बिअरची हळूहळू सवय लागली. नागपूरही मागं राहिलं नाही. मात्र त्या फळ्यावरचा मोसम कुठला, हे मला अजून नीट कळलेलं नाही. सप्टेंबर संपता संपता मार्झन येते, 'ऑक्टोबरफेस्ट स्पेशल' म्हणून. डिसेंबरात दालचिनी-जायफळाची ख्रिसमस एल. मार्चमध्ये स्प्रिंग बॉक. या सगळ्या ऋतूंचं पंचांग म्युनिकमध्ये छापलेलं आहे. इथं ऑक्टोबरात दुपारी पारा पस्तिशीला टेकतो, कोजागरीला आटीव दूध पितानाही पंखा लावावा लागतो, आणि हातात असते ती तांबूस, जड, गोडसर मार्झन. तिच्यात खोट काही नाही. ती दुसऱ्याच्या घरच्या थंडीची तयारी आहे, एवढंच.

मुळात बिअरचा ऋतू ही हौस नव्हती, नाइलाज होता. यीस्टला उन्हाळा सोसत नाही. ऊबेत ते सैरभैर होतं, आणि हवेतले भलतेसलते जंतू घुसून अख्खं पिंप आंबट करून ठेवतात. बव्हेरियात १५५३ मध्ये फर्मानच निघालं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायचीच नाही. मग लोक मार्चमध्ये थोडी कडक, टिकाऊ बिअर करून तळघरात बर्फाशेजारी ठेवत आणि उन्हाळाभर पुरवून पुरवून पीत. मार्चची म्हणून मार्झन. शरदात नवी बिअर करायला पिंपं मोकळी हवीत, म्हणून उरलेली संपवायची. १८१० मध्ये बव्हेरियाच्या युवराजाच्या लग्नानिमित्त जो जलसा झाला आणि पुढं ऑक्टोबरफेस्ट म्हणून जगभर गेला, त्याच्याशी या बिअरची गाठ नंतर पडली. गंमत म्हणजे खुद्द म्युनिकच्या तंबूंत आता फिकट सोनेरी, अंगानं हलकी बिअरच जास्त चालते. तांबूस मार्झन उरली आमच्यासारख्या परक्या भक्तांसाठी. बेल्जियमच्या वालोनियात शेतकऱ्यांनी सैझों केली तीही अशीच: हिवाळ्यात शेतात काम नसताना करून ठेवायची आणि उन्हाळ्यात कापणीच्या मजुरांना पाजायची. पुढं १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडेनं म्युनिकच्या ब्रुअरींसाठी शीतयंत्र बनवलं आणि ऋतूची सक्ती संपली. आज नागपुरात बाहेर डांबर वितळत असताना आतल्या स्टीलच्या टाकीत दहा अंशांवर लागर निवांत आंबत असते. म्हणजे ऋतू आता यंत्राला लागत नाही, पिणाऱ्याला लागतो. तसं असेल तर तो पिणाऱ्याच्या गावचा का नसावा?

हिंदुस्थानसाठी म्हणून नावाजलेली इंडिया पेल एलसुद्धा मुळात एका ऋतूचंच अपत्य. लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या ब्रुअरीतून जहाजांवर जी बिअर चढायची, तिचा वंश इंग्लंडच्या 'ऑक्टोबर बिअर'चा. नव्या हंगामाचं माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य), नवे हॉप्स, भरपूर कडूपणा, आणि वर्ष-दोन वर्षं मुरवायची तयारी. जहाज अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यायचं, पिंपं विषुववृत्तावर दोनदा तापायची, आणि मुरण्याचं काम समुद्रातच उरकायचं. इथून पुढचा भाग मात्र इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. कामठीची छावणी वसली १८२१ मध्ये. मुंबईहून नागपूरला रेल्वे आली १८६७ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षं मुंबईहून कामठीपर्यंत काहीही आणायचं तर ते घाट चढून, वऱ्हाडच्या काळ्या मातीतून, बहुतेक वाट बैलगाडीनंच. चैत्र-वैशाखात त्या गाडीवर बिअरचं पिंप असेल तर ते कामठीत कुठल्या अवस्थेत उतरलं असेल? माझ्या वहीत त्याला काय शेरा मिळाला असता, ते मी वर लिहिलंच आहे.

आजची इंडिया पेल एल मला आवडते, पण सावजीबरोबर नाही. हे मी जरा ठासून सांगतो, कारण तिखट जेवणाबरोबर कडू बिअर मारा असा सल्ला देणारे मला अजून भेटतात. सावजी रश्शाचं तिखट मिरचीचं असतं, मिरीचं असतं, वर तेलाचा काळपट तवंग. हॉप्सचा कडूपणा आणि जास्तीचं अल्कोहोल दोन्ही त्या आगीत तेल ओततात. घाम कपाळावरून मानेवर येतो आणि पाटवडीची चव हरवते. तिथं माल्टचा गोडवा लागतो. आणि तिथंच ती ऑक्टोबरातली बिनहंगामी मार्झन एकदम शहाणी ठरते. भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव, कडूपणा बेताचा, तिखटाला उशाला घेऊन झोपवते. श्रावण संपून पोळ्याची कर आली की आमच्याकडे मटणाच्या दुकानांपुढं रांगा लागतात. मार्झन फळ्यावर लिहायचीच असेल तर त्या आठवड्यात लिहा, म्युनिक काय म्हणतं ते सोडा.

आता संत्रं. बेल्जियमची जी विटबिअर आहे, ढगाळ पांढरी, गव्हाची, तिच्यात दोन मसाले पडतात: धणे आणि संत्र्याची साल. विसाव्या शतकाच्या मध्याला हा प्रकार जवळपास मेलाच होता. होगार्डन गावच्या पियेर सेलिस नावाच्या दूधवाल्यानं १९६० च्या दशकात तो पुन्हा उभा केला. साल मात्र त्यात परंपरेनं कुरासावच्या कडू संत्र्याची, वाळवलेली. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मनात आलं, धणे आणि संत्रं? म्हणजे आमच्या स्वयंपाकघराचा डिसेंबरच की. हंगामात घरोघरी सांबारवडी तळली जाते (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर), आणि टेबलावर आंबिया बहाराच्या संत्र्यांची पाटी असते.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: संत्र्याच्या झाडाला आमच्याकडे दोन बहार. बाग ताणावर सोडायची, म्हणजे पाणी तोडायचं, झाड थकलं की पुन्हा पाणी द्यायचं. मग ते फुलतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलला तो आंबिया, त्याची फळं साधारण ऑक्टोबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत. पावसाच्या तोंडावर फुलला तो मृग, त्याची फळं फेब्रुवारी ते एप्रिल. २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण कळमन्याच्या बाजारातल्या माणसाला विचाराल तर तो आंबिया आणि मृग एवढ्यावरच बोलेल.

काटोलला माझ्या मावसभावाची बाग आहे. मी त्याला ही विटबिअरची कथा ऐकवली तेव्हा तो पाइप बदलत होता.

"दादा, संत्र्याचा रस टाकून बिअर केली तर?"

"कडू होईन."

"काहून?"

"काहून म्हंजे? रस काढून ठेव न घरी. संध्याकाळपर्यंत कडू. आईले इचार."

मावशीला विचारायची गरज नव्हती, घरोघरचा अनुभव आहे तो. त्याचं शास्त्र असं की या फळात एक द्रव्य असतं, जे फोडीत असेतो कडू नसतं. रस निघाला, आंबटपणाशी त्याची गाठ पडली की काही तासांत त्याचं लिमोनिन बनतं आणि रस कडवट होतो. त्यात बिअरची आणखी एक अडचण. यीस्ट साखर खाऊन टाकतं. रसातला गोडवा गेला, आंबटपणा उरला, वर लिमोनिनचा कडूपणा चढला, तर ग्लासात संत्रं राहत नाही, संत्र्याची तक्रार राहते. फळांच्या बिअरमध्ये गिऱ्हाइकाची बहुतेक निराशा इथूनच येते. पाटीवर आंबा वाचून तो आमरस शोधत असतो.

सालीचं तसं नाही. दादानं झाडावरून एक फळ काढलं, अंगठ्यानं टोचलं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, एका झटक्यात मोकळी होते, आतला पांढरा दोर अगदी थोडा. त्यानं सालीचा तुकडा उन्हात धरून दुमडला. बारीक तुषारांचा एक फवारा उडाला, क्षणभर दिसला आणि गेला. वास मात्र मनगटावर तासभर. तेच तेल हवं आहे. घरी येऊन मी एका साध्या गव्हाच्या बिअरवर हा प्रयोग केला. ग्लासावर साल दुमडली. फवारा जिथं पडला तिथं फेसाला खळगा पडला आणि तो खळगा पसरत गेला, कारण तेल फेसाचा वैरी. दोन मिनिटांत दोन बोटांचा फेस जाऊन नुसती कड उरली. पण नाक खाली नेलं तर डिसेंबर! केळं आणि लवंग हे यीस्टनं स्वतः केलेले वास मागं, आणि पुढं ताजी साल. म्हणजे साल टाकायची ती उकळीच्या अगदी शेवटी, की तेलाचा वास राहील आणि फेसही वाचेल. धणे भरडून, पूड करून नव्हे. कुरासावच्या सालीतला वाळका कडूपणा यात येणार नाही, आणि मला तो हवाही नाही. हॉप्स आहेत की त्या कामाला.

एका मार्चमध्ये मोहाची फुलं घातलेली बिअर प्यायला मिळाली. मोह पहाटे गळतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बाया-पोरं उजाडायच्या आत झाडाखाली टोपल्या घेऊन असतात. वाळलेलं फूल मनुक्यासारखं सुरकुतलेलं, बोटाला चिकटणारं, आणि त्याचा वास गोड आणि कुबट यांच्या बरोबर सीमेवरचा. त्याच्यात साखर एवढी, की यीस्ट ती सगळी फस्त करतं आणि बिअर अंगानं पातळ उरते. वास मात्र जात नाही. मी वहीत लिहिलं, 'नाकाला श्रीमंत, तोंडाला गरीब.' तरी त्या फळ्यावर लिहिलेल्या सगळ्या नावांत मोसम खरा होता तो एवढाच. इंग्रजांनी मोहावर नियंत्रण आणायला १८९२ मध्ये वेगळा कायदा केला होता. ज्यांचं ते झाड, त्यांच्यावरच बंधनं. आता तेच फूल स्टीलच्या टाकीतून उंच ग्लासात येऊन महागात विकलं जातं, हे पिताना मला जरा अवघडल्यासारखं होतंच.

अवघडायला आणखीही कारण आहे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गडचिरोली-चंद्रपूरच्या बंद्या लोकांच्या, त्यातही बायांच्या, आंदोलनांनी आल्या, कुठल्या साहेबाच्या लहरीनं नाही. दारूबंदीचे फायदे-तोटे हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण माझ्या वहीला घरात काय किंमत आहे ते सांगतो. आई एकदा चष्मा लावून चार पानं वाचून म्हणाली, "चव घेऊन राह्यला म्हणे! दारूले कोनी मार्क देते का?" मी तिला ग्लासाचा आकार, घोटाचं माप वगैरे सांगू लागलो तर तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. तिच्या माहेरी दारूनं गेलेली घरं मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. मी तिच्याशी वाद घालत नाही, आणि लिहिणंही सोडलेलं नाही.

उन्हाळ्याचं काय, असा प्रश्न उरतो. माझी मागणी साधी आहे: चार टक्क्यांच्या आतली, आंबटसर, किंचित खारी बिअर. जर्मनीत गोझ नावाचा प्रकार आहेच, मीठ आणि धण्यांचा. त्यात भाजलेल्या कैरीचा गर गेला तर वैशाखातल्या पन्ह्याशी तिचं नातं कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. इथं गोडवा गेला तरी बिघडत नाही, कैरीकडून आपल्याला आंबटपणाच हवा आहे. या एका बिअरपुरता बर्फाच्या मगावरचा माझा आक्षेप मी मागं घ्यायला तयार आहे. पावसाळ्याविषयी माझं फार काही म्हणणं नाही. दमट हवेत वास छान पसरतात, काहीही प्या.

गेल्या उन्हाळ्यात एका ब्रूपबमध्ये फळ्यावर 'ऑरेंज सिटी विट' दिसली. मागवली. तोंडाला गोळी चघळल्यासारखी लागली. ब्रुअर तरुण पोरगा, ओळखीचा, जरा बाजूला येऊन बसला. मी म्हटलं, संत्रं कुठलं? मेच्या मध्यात मृगसुद्धा संपलेला. तो हसला. अर्क होता, बाटलीतला.

"मग डिसेंबरात का नाही करत? आंबियाचा तोडा असतो तेव्हा. नोव्हेंबरच्या मध्यात टाकी लावली तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तयार होते."

"सर, खप तर उन्हाळ्यात असते ना जी. डिसेंबरात थंडीत बिअर पितं कोण?"

"डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. अख्खं मंत्रालय इथं मुक्कामाला येतं. हॉटेलात खोली मिळत नाही, आणि तू गिऱ्हाईक शोधून राह्यला?"

हे त्याला पटलं. धणे, साल, गहू या माझ्या व्याख्यानापेक्षा बरंच जास्त पटलं. छोट्या टाकीत करून पाहू म्हणाला, फक्त एवढी संत्री सोलायला माणसं कुठून आणायची ते तुम्ही बघा. मी त्याच्यासमोरच काटोलला फोन लावला.

"दादा, नोव्हेंबरात साली पाह्यजेत. पोतंभर."

"साली ने न बापा, कोन नाई म्हंते. पण फळं तं इकत घे आधी."

भाव काय लावणार, ते तो तोड्याच्या वेळी सांगणार आहे.